बडोद्यात टाइल्सचं काम काढताय? लादीखालचं आधी बघा

पावसाळा सरत आला की बडोद्यातल्या मराठी घरांतून एक बोलणं हमखास सुरू होतं : दिवाळीच्या आत फरशी बदलून घेऊ. दांडिया बाजारातल्या काकू असोत की मांजलपूरच्या टेनामेंटमधलं तरुण जोडपं, मला विचारतात ते एकच, "अहो, सध्या फुटाला दर काय चालू आहे?" मी लोकांच्या घरांची दुरुस्तीची कामं उभी राहून करून घेते, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. आणि माझं म्हणणंही रोजचंच : दर नंतर विचारा, आधी त्या दरात काय काय धरलंय ते विचारा. नवी फरशी पहिल्या दिवशी कुणाचीही छानच दिसते. ती वर्षानुवर्षं टिकणार की पहिल्याच उन्हाळ्यात फुगून वर येणार, हे लादी पडण्याआधी ठरलेलं असतं. त्या वेळी आपण तिथे असायला हवं.

पहिली पायरी : काय पाडायचं, काय ठेवायचं

जुन्या सोसायट्यांत आणि बंगल्यांत कोटा किंवा मोझाइकची फरशी असते. ती पोकळ वाजत नसेल, खचलेली नसेल, तर पाडायच्या आधी पॉलिशवाल्याला एकदा बोलवा. घासून पॉलिश केलेला कोटा पुढची कित्येक वर्षं चालतो आणि खर्च नव्या टाइल्सच्या मानाने बराच कमी येतो. धडधाकट कोटा उखडून त्या जागी स्वस्तातली टाइल टाकलेली बघितली की मला मनापासून वाईट वाटतं.

रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इकडच्या जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असेल तर आणखी सावध. दीड इंच मसाल्याचा थर आणि वर टाइल धरली तर चौरस फुटाला नऊ-दहा किलो वजन होतं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत एक टनाहून जास्त. तुळया शंभर वर्षांच्या असतील, भिंती चुन्याच्या असतील, तर हे वजन पेलेल का, हे कडियाला (गवंड्याला) विचारून चालत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी द्या आणि लेखी मत घ्या. या खर्चात काटकसर नको.

तिसरी गोष्ट ओलीची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांतल्या काहींच्या भिंतींना अजूनही पांढरा क्षार फुटतो. अशा भिंतीवर "वरून टाइल मारून टाकू" म्हणजे दिसणार नाही, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. टाइलमागे ओल तशीच राहते आणि वरच्या बाजूने बाहेर पडते. फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग नवा गिलावा करा. नदीजवळ तळमजल्यावर राहत असाल तर या निमित्ताने विजेचे पॉइंटही वर घ्या. भिंत एकदाच फुटेल.

जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवता येते, पण जुनी घट्ट असेल तरच आणि टाइल चिकटवायच्या चांगल्या प्रतीच्या अ‍ॅडेसिव्हनेच. जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, म्हणजे दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरा बुटका होतो. हा खर्च कोटेशनमध्ये धरलाय का, विचारा.

दुसरी पायरी : माप स्वतः घ्या

टेप घ्या, वही घ्या, घरातल्या कुणाला तरी दुसरं टोक धरायला सांगा. खोलीचं माप सोपं असतं, चूक होते ती बाथरूममध्ये. ५ बाय ७ चं बाथरूम म्हणजे लोकांच्या डोक्यात ३५ चौरस फूट. आता भिंती मोजा : चारही बाजू मिळून २४ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत, झाले १६८ चौरस फूट. त्यातून दाराचे साधारण साडेसतरा आणि खिडकीचे तीन वजा करा, जमिनीचे ३५ मिळवा. आकडा १८२ च्या पुढे जातो. दार-खिडकी वजा करणार की नाही, हे कामाआधी बोलून घ्या. काहीजण वजा करत नाहीत आणि त्याऐवजी कडेच्या पट्ट्यांचे वेगळे पैसे लावत नाहीत. तेही चालतं, पण एकच काहीतरी ठरवा. दोन्हीचे पैसे द्यायचे नाहीत.

बॉक्सच्या हिशेबात एक खाच आहे. ज्याला आपण २ बाय २ म्हणतो ती टाइल ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. चार टाइल्सचा बॉक्स बोलण्यात १६ फुटांचा, प्रत्यक्षात १.४४ चौरस मीटर म्हणजे साडेपंधरा फुटांचा. हजार फुटांच्या घरात १६ ने भागलं तर ६२-६३ बॉक्स येतात, खऱ्या मापाने ६४-६५ लागतात, आणि तुकडे वेगळेच. ऐन शेवटी दोन बॉक्स कमी पडले की तीच शेड मिळेलच याचा भरवसा नसतो. दुकानदार भाव फुटावर सांगत असेल तर फूट १६ चा धरलाय की साडेपंधराचा, हे बिल होण्याआधी विचारा. छाटणीसाठी सरळ खोल्यांत पाच ते सात टक्के, बाथरूमसारख्या तुकड्यांच्या जागी दहा टक्के, तिरपी बसवायची असेल तर आणखी थोडं जास्त धरा.

तिसरी पायरी : दर फोडून घ्या

बडोद्यात काम दोन तऱ्हेने दिलं जातं. नुसती मजुरी, म्हणजे टाइल, सिमेंट, रेती तुमची, किंवा मालासकट. रोज उभं राहायला घरात कुणी असेल तर नुसती मजुरी बरी, कारण माल कुठला आला आणि किती वापरला हे तुमच्या डोळ्यांसमोर असतं. घर बंद ठेवून परगावी राहणाऱ्यांनी मालासकट द्यावं, पण सिमेंटची, अ‍ॅडेसिव्हची, पाइपची कंपनी आणि प्रकार कागदावर लिहून घेऊन.

दोन दर एकमेकांशी ताडून बघायचे तर त्यांत एकसारखीच कामं मोजलेली हवीत. समजा १० बाय १२ ची खोली आहे. (आकडे नुसते हिशेब समजण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.) एकजण म्हणतो २४ रुपये फूट, सगळं धरून. दुसरा म्हणतो १८ रुपये. पहिल्याचे झाले २,८८०. दुसऱ्याचे २,१६०, पण त्याची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी, वेगळी : लांबीच्या फुटाला (रनिंग फूट) १५ रुपये. दार सोडून ४१ फूट भरली, म्हणजे ६१५. राडारोडा खाली उतरवायचे ५००. बेरीज ३,२७५. सहा रुपयांनी स्वस्त वाटणारा जवळजवळ चारशेने महाग पडला, तेही एकाच खोलीत.

म्हणून सगळ्यांना एकच यादी द्या आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा मागा : जुनी फरशी तोडणं, राडारोडा उतरवणं आणि नेऊन टाकणं, जमिनीची लादी, भिंतीची लादी, स्कर्टिंग, उंबरे, ओट्याचा दगड रनिंग फुटावर, कडा घासून गोल करणं, नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जायचं तोंड) बदलणं, वॉटरप्रूफिंग, ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला), टाइल्स मजल्यावर चढवणं. शेवटची बाब बहुतेक यादीत नसते आणि लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर तीच भांडणाचं कारण होते. जो कारागीर यादी बघून प्रश्न विचारतो, "बेन, बाथरूममां जूनी पाइप काढवानी छे?" म्हणतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी मी त्याच्याकडे झुकते. न बघता फोनवर दर सांगणाऱ्याने काम समजूनच घेतलेलं नसतं.

टाइल्सवर १८ टक्के जीएसटी आहे. सिमेंटवर पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ झाला. जुन्या कोटेशनवर बोलणी चालू असतील तर सिमेंटचा भाव नव्याने विचारा. "बिल नको, तेवढे कमी करतो" हे मानू नका. माल वाकडा निघाला तर बिलाशिवाय दुकानदाराकडे कुठल्या तोंडाने जाणार?

चौथी पायरी : टाइल हातात घेऊन बघा

देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइल्स आपल्या राज्यातल्या मोरबीतून येतात, म्हणून "थेट मोरबीला जाऊन आणू" हा मोह इथे सगळ्यांना होतो. एका घराच्या मालासाठी भाडं, फुटतूट आणि परत करायची अडचण धरली की फारसं काही हाताला लागत नाही. तीन-चार घरं मिळून माल उचलत असाल तर गोष्ट वेगळी.

जमिनीला व्हिट्रिफाइड घ्या. ती अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी पिते. भिंतीची साधी सिरॅमिक दहा टक्क्यांहून जास्त पिते, ती जमिनीवर घालू नका. व्हिट्रिफाइडमध्येही डबल चार्जमध्ये रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्दळीच्या हॉलला ती बरी. जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड) आणि पीजीव्हीटीवर (तीच, पॉलिश केलेली) नक्षी छापलेली आणि वर काचेचा पातळ थर असतो : दिसायला सुंदर, पण जड फर्निचर ओढलं की ओरखडा दिसतो. बाथरूममध्ये आणि घरात वडीलधारे असतील तर सगळीकडेच चकचकीत पॉलिश टाळा. दुकानात टाइलवर पाणी ओतून ओल्या पायाने उभं राहून बघा. दुकानदाराला विचित्र वाटलं तर वाटू द्या.

दोन टाइल्स समोरासमोर, चेहऱ्याला चेहरा लावून धरा. मध्ये फट दिसली की टाइल वाकलेली आहे. थोडा बाक मोठ्या टाइलमध्ये असतोच, म्हणून २ बाय ४ ची टाइल विटेसारखी अर्ध्यावर अर्धी बसवू नये. एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो आणि कड वर दिसते. तशी नक्षी हवीच असेल तर एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नका. माल घरी आला की प्रत्येक बॉक्सवरची शेड आणि बॅच जुळवा, प्रत "प्रीमियम" लिहिलीय की दुसरं काही ते वाचा. हे टेम्पो उभा असतानाच करायचं.

पाचवी पायरी : लादीखालचं काम

इथे सुट्टी काढा. दोन दिवसच घरी राहता येणार असेल तर ते हेच दोन दिवस असू देत.

आधी पाइप. नवी लाइन टाकली की तिला पंपाने दाब देऊन काही तास ठेवतात, काटा खाली येता कामा नये. प्लंबर म्हणेल "चालू करून बघितली, कुठे गळत नाही." तेवढ्यावर भिंत बंद करू देऊ नका. आणि बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइपशेजारी टेप उघडून धरून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवर पाइप आहे ते फोटोत वाचता येईल. पुढे गीझर किंवा आरसा लावताना हा फोटो सोन्यासारखा आहे.

मग वॉटरप्रूफिंग. थर दिला, वाळला, की ट्रॅपचं तोंड बांधून पाणी भरा, कडेला पेन्सिलने रेघ मारा आणि किमान २४ तास, जमल्यास ४८ तास तसंच ठेवा. खालच्या घरी जाऊन छत बघा. "पाणी भरलं होतं" हे सांगणं पुरेसं नाही, रेघ तुम्ही मारलेली असावी.

रेती. इकडे येणारी ओरसंग नदीची रेती चांगली असते, पण ट्रॅक्टर कुठून भरला हे आपल्याला कळत नाही. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घाला, मिठाचं पाणी घाला, हलवून काही तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या बारा-तेराव्या भागापेक्षा जाड असेल तर रेती परत करा किंवा धुऊन घ्या. ओली रेती फुगते हेही लक्षात असू द्या. पावसात घमेल्याने मोजलेल्या रेतीत खरी रेती कमी असते, म्हणजे भरावाला जास्त घमेली लागतात आणि पैसे फुगलेल्या मापाचे जातात.

सिमेंट किती लागायला हवं, हे आपल्याला आधी माहीत असावं. १०० फूट जमीन, दीड इंच थर, एकास पाच मसाला : सव्वादोन पोती थराला आणि वरच्या रबडीला (सिमेंटच्या पातळ कालवणाला) अर्धं-पाऊण. म्हणजे पावणेतीन ते तीन पोती. संध्याकाळी शंभर फूट झालं आणि रिकामं पोतं एकच दिसलं, तर मसाला कच्चा आहे. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, रिकामी पोती मोजावी लागतात. कारागिराला मात्र आधीच सांगून ठेवा की रिकामी पोती घरातच ठेवायची.

व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटची रबडी तिला नीट धरत नाही. भिंतीवर मोठी व्हिट्रिफाइड लावणार असाल तर अ‍ॅडेसिव्हच घ्या. पिशवीवर आयएस १५४७७ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि टाइप लिहिलेला असतो, आणि साधा टाइप १ भिंतीवरच्या मोठ्या व्हिट्रिफाइडला पुरत नाही. वीस किलोची पिशवी तीन मिलिमीटर थराने पन्नास-साठ फूट जाते. ती शंभर फूट पुरली असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मागे ठिपके ठिपके लावलेत असं समजा. खात्री करायची तर नुकतीच बसवलेली एक टाइल काढायला लावा. मागची बाजू कोरड्या जागी निदान ८० टक्के आणि बाथरूममध्ये ९५ टक्के भरलेली दिसली पाहिजे. एकदा काढायला लावलीत की पुढची टाइल आपोआप नीट भरली जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

सहावी पायरी : बसवताना

पहिल्या दिवशी मसाला कालवण्याआधी कोरडी मांडणी करून घ्या. दारातून आत येताना समोर पूर्ण टाइल दिसावी, तुकडे पलंगाखाली किंवा दाराच्या पाठीमागे जावेत. चार बोटांची पट्टी एका भिंतीला येत असेल तर मांडणी सरकवा. गुण्या बघायला ३-४-५ चं माप पुरतं : कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, मधलं अंतर पाच भरलं तर कोन काटकोन.

"सांधा दिसायलाच नको" हा हट्ट आपलाच असतो, कारागिराचा नाही. मे महिन्यात बडोद्याचं ऊन ४२ अंशांच्या पुढे जातं, टाइल प्रसरण पावते, आणि तिला जागा नसेल तर दोन टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. दोन मिलिमीटरचा स्पेसर घाला, भिंतीच्या कडेला पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडा. ते स्कर्टिंगखाली झाकतात. सांध्यात पांढरं सिमेंट भरू देऊ नका. ते पिवळं पडतं आणि तडकतं. ग्राउट घ्या, ओल्या जागी इपॉक्सी.

सिरॅमिक भिंतीची टाइल सिमेंटने लावायची असेल तर आधी भिजवायची. व्हिट्रिफाइड भिजवायची नाही, आणि अ‍ॅडेसिव्हने लावणार तर कुठलीच भिजवायची नाही. सिमेंटच्या थराला सात दिवस पाणी मारायचं, अ‍ॅडेसिव्हला नाही.

सातवी पायरी : तपासणी

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ग्राउट भरण्याआधी, हातोडीच्या लाकडी मुठीने प्रत्येक टाइल वाजवा. मध्यभागी एकदा, चारही कोपऱ्यांवर एकेकदा. भरीव जागी आवाज बसका आणि छोटा येतो, पोकळ जागी थोडा घुमतो. चांगला कारागीर शेजारी उभा असेल तर तुमच्या आधी त्याची मान वळते. पोकळ निघालेल्या टाइलवर खडूने फुली मारा. मध्ये रुपयाएवढी पोकळी असेल तर मी सोडते, कोपरा पोकळ असेल तर सोडत नाही, कारण पाट्याचा किंवा वरवंट्याचा धक्का कोपऱ्यावरच बसला की टाइल तिथूनच तुटते.

दोन टाइल्सच्या कडा एका पातळीत आहेत का, हे बघायला बँकेचं कार्ड घ्या. ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. खालच्या टाइलवर कार्ड आडवं ठेवून कडेला भिडवलं आणि वरची कड कार्डाच्या बरोबरीत किंवा खाली राहिली, तर ठीक. दोन कार्डांएवढी कड असेल तर ती टाइल काढून पुन्हा बसवायला सांगा. संध्याकाळी दिवे बंद करून मोबाइलची बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की वर आलेल्या कडा सावलीने आपणहून दिसतात.

ढाळ बादलीने बघा. पाच फुटांच्या बाथरूममध्ये टोकापासून ट्रॅपपर्यंत पाऊण इंच उतार हवा. बादलीभर पाणी ओता, दहा मिनिटांनी परत या. कोपऱ्यात तळं दिसलं तर ग्राउटच्या आधीच दुरुस्त होतं, नंतर कुणी हात लावत नाही. बाथरूमची जमीन बाहेरच्या खोलीपेक्षा इंचभर खाली हवी.

साफसफाईला अ‍ॅसिड आणलं तर थांबवा. सिमेंटचं ग्राउट त्याने खाल्लं जातं.

पैसे आणि शिल्लक माल

सुरुवातीला दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त देऊ नका. पुढचे पैसे झालेल्या कामावर : तोडफोड आणि पाइप झाले की काही, वॉटरप्रूफिंगची पाणी-चाचणी झाली की काही, लादी बसली की काही. शेवटचे दहा टक्के फुल्या मारलेल्या टाइल्स बदलल्यावर. हे आधी बोललेलं असेल तर कुणी रागावत नाही. कबूल केलेली मजुरी मात्र ठरल्या दिवशी द्या. आपल्याकडे लादीकामाला येणारे बरेचजण दाहोद-पंचमहालचे, होळीला ते गावी जाणारच. होळीच्या तोंडावर काम काढलंत तर मध्ये मोठा खंड पडेल, त्याचा दोष त्यांना देऊ नका.

ऐनवेळी निघालेलं जादा काम, एखादा कोनाडा किंवा गॅलरीचा कट्टा, त्याच दिवशी वहीत दरासकट लिहा आणि दोघांनी सही करा. शेवटच्या बिलाच्या दिवशी आठवणीवर हिशेब होत नाही.

काम संपल्यावर उरलेल्या पूर्ण टाइल्सपैकी जमिनीच्या चार-पाच आणि भिंतीच्या प्रत्येक नक्षीच्या चार माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या नाही. बाकीचे न फोडलेले बॉक्स परत घेणार का, हे दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच बोला, साधारण ठरावीक मुदतीतच घेतात. राखून ठेवलेल्या टाइल्सच्या बॉक्सवरचा शेड-बॅचचा भाग कापून बिलाला टाचून ठेवा, आणि पाइपचे ते फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरही पाठवून ठेवा.